ढग पिणारं मशीन

घुंऽऽऽ! मशीन पहिल्यांदा चालू झालं तेव्हाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मेढ्याच्या वरच्या पठारावर, एका पत्र्याच्या खोलीत ढग मोजायचं केंद्र निघालं आणि मी तिथं वॉचमन लागलो. मशीन पाइपातून ढगातली हवा आत ओढतं आणि थेंब मोजतं. एवढंच त्याचं काम. पण ‘ओढतं’ म्हटल्यावर लोकांना संशय आला, आणि संशय आला की किस्से साठतात, वळचणीला सरपण साठावं तसे.

मी हसतो, पण पुरतं हसू येत नाही. माझी धाकटी बहीण तानू जतकडं दिलीय. तिकडं पूर्वेला पाऊस कमी, आणि ढग जातात ते आमच्या पठारावरूनच. तिचे मालक, आमचे दाजी, मेंढरंवाले. “पाव्हणा आमचा पाऊस अडवून पगार खातो,” म्हणत त्यांनी तानूचं माहेर बंद केलं. फोनसुद्धा बंद. गेल्या पावसाळ्यापर्यंत त्याला तीन वर्षं झाली होती.

*

एकदा जतकडचे दहा जण जीप करून आले. सोबत दाजीही. त्यांच्या सरपंचांनी खोलीभोवती फेरी मारली.

“एवढा ढग वढता, मग टाकी कुठाय?”

“टाकी न्हाई, आवं. माझी बादली हाय.”

एकानं बादलीतलं पाणी चाखलं. “नळाचंच हाय की गड्या!”

सरपंच हळूच म्हणाले, “मंजे खरं पाणी दुसरीकडं दडवलंय!”

*

केंद्राचं काम बघणाऱ्या आमच्या मॅडम शहरातल्या, विश्रामबागच्या. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं.

“ढगातले थेंब इतके बारीक, की पडतच नाहीत, तरंगतात. आतली हवा घुसळली की एकमेकांवर आदळतात, चिकटतात, मोठे होतात. जड झाले की पाऊस. किती घुसळलं की किती आदळतात, ते आम्ही मोजतो.”

मला पटलं. ताक घुसळल्याशिवाय लोणी कुठं एकत्र येतं?

दाजी उठले. “नुसतं मोजता?”

“नुसतं मोजतो.”

“मॅडम, दुसऱ्याची मेंढरं फुकट कोण मोजतं? ज्याला न्यायची असत्यात त्योच!”

 

*

पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. पंखे ढग कापतात, म्हणून लोक त्या बंद करा म्हणायचे. मॅडमचं घुसळणं गावोगाव पोचलं, आणि आठवड्यात तिथला वॉचमन बबन गाडी घेऊन माझ्या दारात!

“आवं तात्या, काय सांगून ठिवलंय तुमी? काल बंद कर म्हनत हुती, आज वारं नसताना फिरव म्हनत्यात! न्हाई म्हटलं तर इचारत्यात, तू कुनाच्या बाजूचा?”

*

गेल्या पावसाळ्यात दाजी एकटेच आले. चहासुद्धा नको म्हणाले.

“पाव्हणं, एक दिस बंद करा. माझ्या डोळ्यांम्होरं.”

मी मॅडमकडं बघितलं. दिवसभराचे आकडे बुडणार होते.

“करा काका,” त्या म्हणाल्या.

दाजींनी स्वतः प्लग उपसला आणि मुठीत धरून भिंतीला टेकून बसले. जेवायलाही उठले नाहीत. ढग खोलीवरून पूर्वेकडं चालले होते. दाजींच्या घोंगडीवर बारीक बारीक थेंब बसले. मशीन चोरून चालत तर नाही ना, म्हणून दोनदा त्यांनी त्याला कान लावून बघितला.

दुपार टळल्यावर त्यांनी घरी फोन लावला. स्पीकरवर.

“पडला का गं?”

“कुठला! ढग आलं, गेलं. ऊन पडलंय.”

तानूचा आवाज! मी तोंड फिरवलं.

दाजींनी मुठीकडं बघितलं. “नीट बघ.”

“बघितलं की. मेंढरं सावलीला बसल्यात. आवं, तुमी हाईसा कुठं?”

 दाजींनी प्लग मॅडमच्या हातात दिला. फोन, चालूच, माझ्या हातात. घोंगडी झटकली, काठी उचलली, आणि उतार उतरू लागले.