कुरवंड्याला टांगा जात न्हाई

"अशी पुढं ये. सगळ्यांना दिसशील अशी उभी राहा," साहेब म्हनाले. माज्या हातात चहाचा ट्रे. दिवाणखान्यात मुंबईचे धा-बारा पाव्हणे. समदे मला वर-खाली बघाय लागले, म्हैस इकत घेताना बघत्यात तसं.

लोणावळ्याच्या त्या बंगल्यात मी सा वर्सं भांडी घासली. साहेब पुस्तकं लिवायचे. त्या दिवशी नवी गोष्ट वाचून दाखवत हुते. "यातलं अक्षर न् अक्षर माझ्या आयुष्यात घडलंय," म्हनाले. मंग माज्याकडं बोट केलं. "हीच ती मोलकरीण."

आन् वाचाय लागले. मोलकरणीची लेक तापानं फणफणलेली. नाव चंद्रा. माज्याच लेकीचं नाव, बदललं सुदिक न्हाई. मालक आपला टांगा जोडून कुरवंड्याला, म्हंजी माज्याच गावाला, डॉक्टर धाडतो. पोर वाचते. आई येऊन मालकाच्या पायावर डोकं ठिवते. एका बाईनं पदर डोळ्याला लावला.

माजी चंद्रा मेली. तवा तिला जाऊन दोन वर्सं झालती. ती गेली त्या दिवशी सकाळीच गावचा मानूस पोर तापल्याचा सांगावा घिऊन आलता. मी साहेबांपुढं हात जोडले. "पाहुणे जेवू देत, मग जा," म्हनाले. पाव्हण्यांची ताटं घासत बसले मी. नोकरी जाईल म्हनून बसले, त्याची लाज अजून जाळती मला. दिवस कलताना घरी पोचले, तवर पोर गार पडलीती.

"सांग ना यांना," साहेब हसत म्हनाले. "तेव्हा तुला काय वाटलं?"

मी ट्रे खाली ठिवला.

"साहेब, कुरवंड्याला टांगा जात न्हाई. पायवाट हाय. तुमी कदी आलाच न्हाई, तुमाला कुटनं ठावं असनार? आन् माजी चंद्रा वाचली न्हाई. तुमी मला भांड्यावरनं उटू दिलं न्हाई."

साहेबाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. "अगं, गोष्टीत असं चालतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मंग तिचं नाव काढा."

"नाव गोड आहे. राहू दे," साहेब म्हनाला.

मी तशीच घरी आले, परत गेले न्हाई. पुस्तक छापून आलं. त्यात चंद्रा जित्ती हाय आन् साहेब देवमानूस. माजं टाळकंच फिरलं. चाळिशीत गावच्या मास्तरापाशी बसून बाराखडी गिरवली. पोरं फिदीफिदी हसली. हसंनात का.

हे मी माज्या हातानं लिवलंय. येत्या बाजाराला लोणावळ्याच्या चौकात उभी ऱ्हाऊन मोट्यानं वाचनार हाय. कुनी अडवाय आलं, तर त्याच्या तोंडावर वाचनार.