न विचारता ठेवलेला चहा

उमरग्याच्या बसस्थानकात हैदराबादची गाडी लागली होती आणि सुटायला दहा मिनिटं होती. माझी बॅग डिकीत गेली होती. स्थानकासमोरचे हॉटेलवाले आमच्याच गल्लीतले. त्यांनी लांबूनच विचारलं, "चहा सांगू का?" दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आत्ताच घिऊन आलाव." तरी दोन कप आले. आमच्याकडे पहिला नकार धरत नाहीत. एक कप दादांनी घेतला. दुसऱ्यातला अर्धा आईनं बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी माझ्यापुढं केली. "बशीतला तू घे. कपातला म्या घेते."

त्या सकाळी घरीही असंच झालं होतं. प्रवासात मळमळतं म्हणून मी चहा नको म्हणाले, तरी तिनं कप पुढ्यात ठेवला. "विचारायचं तरी," मी म्हणाले. ती डबा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "घरच्या माणसाला चहा इचारत न्हाईत, म्होरं ठिवत्यात. ज्या दिशी इचारीन, त्या दिशी तू पावणी झालीस असं समज."

तिनं हे सहज म्हटलं आणि बहुधा विसरलीही. मी विसरले नाही. पुढं सुट्टीला घरी आले की दारात चप्पल काढतानाच माझं लक्ष तिच्या तोंडाकडे असायचं. तिनं कधी विचारलं नाही.

हैदराबादेत बातम्यांच्या एका वेबसाइटच्या मराठी विभागात मला उपसंपादकाची नोकरी होती. एकाच मजल्यावर सात-आठ भाषांचे विभाग बसायचे. दुपारी चारला मशीनचा चहा मिळे. तो सगळ्यांना सारखाच नावडायचा, आणि त्यातूनच आमचं रविवारचं मंडळ सुरू झालं. आसामी विभागातली निर्मली घरून आलेली लाल पत्ती काढून कोरा चहा करायची. गुजराती विभागाचे हर्षदभाई पुदिना आणि सुंठ घालायचे. तेलुगू विभागातल्या शारदाताई कधी जास्वंद, कधी गुलाबपाकळी आणि वेलदोडा. महिन्यातून दोन रविवार, दर वेळी वेगळ्या घरी, आणि प्रत्येक जण तिथं आपापले एक-दोन चहा करायचा.

नियम हर्षदभाईंनी केले होते. प्रत्येक चहाचा एकच घोट घ्यायचा. रंग, वास, चव कार्डावर लिहून दहापैकी गुण द्यायचे. उरलेला चहा टेबलावरच्या पातेल्यात ओतायचा, म्हणजे पुढच्या चहाला जीभ मोकळी राहते. नियम रास्त होता. एका बैठकीत सात-आठ चहा असत. ते सगळे कोण पिणार?

माझ्या घरच्या पहिल्या बैठकीला मी गुळाचा चहा केला. गूळ ढोकीकडच्या गुऱ्हाळातला, गवती चहा आईनं वाळवून दिलेला. दूध उकळत्या चहात घातलं आणि ते नासलं. हर्षदभाईंनी कार्डावर एकच शब्द लिहिला, पनीर. मी फोन केला तेव्हा आई आधी पोटभर हसली. "दूध गॅसवरच घातलंस व्हय? गुळाचा कोरा चहा गाळायचा कपात, अन् वरून गरम दूध. जल्म गेला तुजा हा चहा पिण्यात." पिण्यात गेला होता, करण्यात नाही.

दादा गेल्यावर वर्षभरानं आई महिनाभरासाठी माझ्याकडे आली. ती उमरग्यात एकटी असायची. हायवेजवळचं घर, वरच्या खोल्या रिकाम्या, गुडघे दुखायचे. कायमची इथंच राहा, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "बगू." त्या महिन्यात मी तिला शहर दाखवलं, डॉक्टरांना दाखवलं, पलंगाजवळ खिडकी येईल अशी खोली लावून दिली. प्रत्येक गोष्ट झाली की ती म्हणायची, "चांगलं हाय." आणि मग "बगू."

दुसऱ्या आठवड्यात तिला शारदाताईंकडच्या बैठकीला नेलं. पातेल्याचं सांगायचं मी विसरले. आईच्या पुढ्यात पहिला कप आला, तिनं तो संपवला. दुसरा आला, तोही. निर्मलीचा कोरा लाल चहा तिला कडू लागला, हे मला दिसत होतं. डोळे मिटून तिनं तोही पूर्ण घेतला. सात चहा झाले, सात कप रिकामे. बाकीच्यांचे कप पातेल्यात गेले, ते तिनं पाहिलं. गुणांसाठी कार्ड दिलं तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "दुसऱ्याच्या घरच्या चहाला नंबर देत्यात का गं?" मग सगळ्यांना दहापैकी दहा दिले. शारदाताईंनी बिस्किटांची बशी पुढं केली. ती "नको" म्हणाली आणि बशी पुढं गेली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मानसं चांगली हायत. पर एकदा न्हाई म्हटलं की मान्य करत्यात."

पुढची बैठक माझ्या घरी होती. आईनं सकाळपासून तयारी केली. उमरग्याहून आणलेला गूळ फोडला, आलं ठेचलं, कपबशा स्वतः धुतल्या. या वेळी मंडळींना सांगायला हवं होतं की हिचा कप पूर्ण प्या, आणि तेही मी केलं नाही. माझा हिशेब असा की एक घोट घेतला की त्यांनाच पूर्ण कप प्यावासा वाटेल.

सगळ्यांनी एकेक घोट घेतला. हर्षदभाईंनी मान डोलावली, कार्डावर नऊ लिहिले आणि उरलेला चहा पातेल्यात ओतला. मागोमाग शारदाताईंनी. निर्मलीचा कप वाटेतच थांबला, कारण तिला आईचा चेहरा दिसला होता. आई उठून आत गेली.

मी मागं गेले. ती ओट्याला टेकून उभी होती. मी नियम समजावून सांगितला, जीभ, चव, सगळं. तिनं ऐकून घेतलं. "मंजी त्यांच्या घरीबी म्या वतून द्यायचा व्हता?"

"हो."

"समदे सात?"

"हो."

हसू आवरेना म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. "अन् तू बगत बसलीस. दोन दिवस छातीत जळजळ व्हती मला."

तिनं पुन्हा आधण ठेवलं. चहा घेऊन बाहेर आली आणि आधी टेबलावरचं पातेलं उचलून बाजूला केलं. कार्डं गोळा करून टीव्हीमागं ठेवली. आमच्या गल्लीत निम्मे शेजारी मुसलमान, त्यामुळं तिला दख्खनी बोली येते. हर्षदभाईंना तिनं कप दिला. ते म्हणाले, "बस मौसी, नको."

"नक्को बोले तो क्या हुआ," आई म्हणाली. "पियो. कागज पे क्या लिख्ते, पेट में लिखो."

हर्षदभाईंनी तीन कप घेतले. प्रत्येक कपाआधी त्यांनी नकार दिला आणि प्रत्येक वेळी कप भरला गेला. चौथ्या वेळी त्यांनी कप उपडा घातला. आईनं ते मान्य केलं, आमच्याकडेही तेवढंच धरतात. निर्मलीला तिनं बशीत अर्धा दिला आणि कपातला स्वतः घेतला. निर्मलीनं बशी दोन्ही हातांनी धरली, थोडा सांडला.

महिना संपला आणि आई परत निघाली. मी कारण विचारलं. "तुज्याकडं समदं हाय," ती म्हणाली. "पर कुनी यायचं तर आधी फोन करतंय. माज्या दाराला कडी न्हाई लागत दिवसभर. कुठं ऱ्हावं, आता तू सांग." मी तिची बॅग भरायला घेतली. निघताना मंडळातल्या प्रत्येकानं तिला एक डबा दिला. लाल पत्ती, पुदिना-सुंठ, जास्वंद, आणखी दोन.

गावी राहिलेल्यांना पुढचं माहीत आहे. माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांसाठी लिहिते. उमरग्याच्या आमच्या गल्लीत आता दुपारी चारला चार-पाच बाया आईकडे जमतात. रोज एक डबा उघडतात. गुण देत नाहीत, चहा नासला तरी पितात, आणि लाल पत्तीत गूळ घालतात, हे मी निर्मलीला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या सुट्टीत मी पोहोचले तेव्हा बैठक भरलेली होती. चप्पल काढली. आईनं वळून पाहिलं आणि विचारलं, "कोन्ता घेशील?"

इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते, तो प्रश्न आला होता. मी उंबऱ्यातच उभी राहिले. "मला विचारतेस?"

"सा डबे झाल्यात फळीवर," ती म्हणाली. "न इचारता कसं चालंल?"

मी फळीकडे पाहिलं. पाच डबे मंडळाचे, मग सहावा कशाचा असेल, याचा विचार करत होते. तेवढ्यात तिनं गुळाचा चहा कपात गाळला, वरून गरम दूध घातलं, अर्धा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढं ठेवली.