पूडलच्या केसाची लडी

पूडल जातीचा कुत्रा पाळावा का, असं हल्ली मला गावातले लोक विचारतात. अख्ख्या गावात पूडल एकच आणि तो माझ्या पदरात, म्हणून मी त्या विषयातली जाणकार ठरले. मी म्हणते, पाळा बाप्पा, पण रोज तासभर कंगवा घेऊन बसायची तयारी असेल तरच पाळा. आणि घरात विणकर असेल तर आधी मला येऊन भेटा.

आमचं घर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांचं. गाव मोहाडीच्या बाजूला. घरात एक हातमाग. नवरा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, मी कोशातून धागा काढते आणि त्याच्या धोट्यात घालायच्या कांड्या त्या धाग्यानं भरते. तीस वर्षं हेच चाललंय. पण या तीस वर्षांत आमच्या मागावरचं वीतभर कापडसुद्धा आमच्या अंगाला लागलेलं नाही. सासऱ्यांचा नियमच होता, मागावरचं ते गिऱ्हाइकाचं, घरच्यांनी बाजारातून आणावं. माझी लग्नातली साडीसुद्धा सुरतेची होती. हे मी नवऱ्याला वर्षातून चारदा तरी ऐकवते. तो ऐकून घेतो आणि धोटा जरा जोरात फेकतो.

तर पूडल. आमची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरी करत होती. कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी परदेशात पाठवायचं ठरवलं. जायच्या आधी ती घरी आली ती एक जाळीची पेटी घेऊन, आणि पेटीतून निघालं हे कुरळ्या केसांचं गाठोडं. "आई, दोनच वर्षं," ती म्हणाली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. इथं व्याही नव्हता, पोटची पोरगीच होती, एवढाच काय तो फरक.

त्याचा रंग मधासारखा, म्हणजे नेमका आमच्या कोशाच्या धाग्याचा. शेजारीण कुंपणावरून वाकून बघत होती. म्हणाली, "अवं माय, हे मेंढरू दूध किती देते?" मी म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ बादलीभर. भांडं घेऊन ये." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

नवऱ्यानं मात्र मागावरूनच फर्मान काढलं. "राहीन तं राहीन. पण मागाच्या खोलीत एक केस बी दिसला ना, तं त्याच दिवशी याले नागपूरले धाडीन." नागपूरला मुलीची एक मैत्रीण होती, ती त्याला कधीही न्यायला तयार होती. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कोशाचं गिऱ्हाईक कापड उन्हात धरून बघतं. त्यात कुत्र्याचा केस निघाला तर पुन्हा कोण दारात येणार? मुलगी हसून म्हणाली, "बाबा, पूडलचे केस गळतच नाहीत. म्हणून तर याले आणला."

हा पूडलचा पहिला फायदा, आणि तो शंभर टक्के खरा आहे. केस गळत नाहीत. पण न गळणारे केस करतात काय, हे आमच्या पोरीनं सांगितलं नाही. ते वाढतात. वाढतात, गुंततात, त्यांच्या गाठी होतात, गाठींचे गोळे होतात. न्हाव्याकडे नेलं तर त्यानं हात जोडले. "वहिनी, याचे कापले तं उद्या माह्या वस्तऱ्याखाली कोन बसन?" मग कात्री मीच घेतली. पहिल्या खेपेला एक बाजू लांडी आणि एक लांब झाली. महिनाभर बिचारा तसाच फिरला.

रोवणीच्या दिवसांत मी त्याला माझ्या माहेरी, दिघोरीला नेलं. ते तर माझंच डोकं फिरलं होतं. भावाच्या बांधीत बाया चिखलात वाकून धान लावत होत्या, यानं बघितलं आणि घेतली उडी. बाहेर आला तेव्हा त्याचा रंग ओळखू येईना. वर धुऱ्यावरचे गोखरू. सगळे काटे काढायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. "तुह्यासारखं जनावर मी सात जन्मात पाह्यलं नाई," मी त्याला म्हणत होते आणि तो माझ्या मांडीवर घोरत होता.

शहाणा मात्र विलक्षण. कोणत्या दाराची कडी कशी पडते हे त्याला चार दिवसांत कळलं. पुढचं दार, मागचं दार, धान्याची कोठी, सगळं त्याला मोकळं. फक्त मागाच्या खोलीत तो पाय टाकत नसे. उंबऱ्याच्या अलीकडे पंजे ठेवून बसायचा आणि धोटा डावीकडे गेला की मान डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. नवरा त्याच्याकडे बघतसुद्धा नसे.

खरं सांगते, पोरगी गेल्यावर घर मला खायला उठलं होतं. रागवायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. नवऱ्यावर रागावून काही होत नाही, तो धोटा जोरात फेकतो, बस. या कुत्र्यावर मी सकाळपासून ओरडत असते आणि तो शेपूट हलवत ऐकत असतो. तो नागपूरला गेला तर घर पुन्हा खायला उठेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्या खोलीत दिवसातून तीनदा झाडू मारायची. एकही केस कधी सापडला नाही. आणि मग जे झालं ते कुत्र्यानं केलं नाही, मी केलं.

कोशाच्या घरात धागा होण्यासारखं काहीही फेकत नाहीत. फुटक्या कोशांतूनसुद्धा आम्ही जाड, केसाळ धागा काढतो, त्याला घिच्चा म्हणतात. माझ्या हाताला ती सवय लहानपणापासूनची. रोज कंगव्यात अडकलेले पूडलचे केस मी हातात घ्यायची, आणि ते फेकवायचे नाहीत. इतके लांब, इतके मऊ! एकदा बसल्या बसल्या मांडीवर वळून बघितले. धागा झाला. मग रोजचाच चाळा लागला. कात्रीनं कापलेलेही त्यात गेले, चिमूटभर कोशाचा चोथा मिसळला. पावसाळा संपेपर्यंत दोन गुबगुबीत लड्या झाल्या.

आता या लड्या ठेवायच्या कुठं? दुसऱ्या कुणी बाईनं कपाटात ठेवल्या असत्या, उशाखाली ठेवल्या असत्या. मी विणकराची बायको. धागा म्हणजे धाग्याच्या पेटीत. पत्र्याच्या त्या पेटीत घिच्च्याच्या लड्यांखाली मी त्या सारल्या आणि विसरून गेले.

थंडी सुरू झाली तेव्हा नव्वदी गाठलेल्या गुरुजींचा सत्कार गावानं ठरवला. गुरुजी म्हणजे गावच्या शाळेचे जुने हेडमास्तर. अर्ध्या गावाच्या हातावर त्यांची छडी बसलेली, त्यात माझा नवराही. सरपंच येऊन म्हणाले, शाल बाजारची नको, आपल्या गावच्या मागावरची पाहिजे. नवऱ्यानं घिच्च्याची शाल विणायला घेतली. त्याच आठवड्यात माझ्या भावाच्या नातवाचं बारसं आलं. रोवणीच्या वेळचे गोखरू लक्षात ठेवून मी कुत्र्याला घरीच ठेवलं आणि तीन दिवसांसाठी दिघोरीला गेले.

परत आले तर शाल विणून, घडी घालून सरपंचांच्या घरी पोचलीसुद्धा होती. मी पुढच्या कामासाठी पेटी उघडली. तळाशी हात घातला. माझ्या दोन्ही लड्या नव्हत्या.

माझी पाचावर धारण बसली. कांड्या भरायचं काम माझं. मी नसताना त्यानं स्वतः भरल्या असणार, घिच्चा कमी पडला म्हणून तळातलं काढलं असणार. रंग तोच, जाडी तीच. म्हणजे गुरुजींच्या शालीत आमचा पूडल विणला गेला होता! आणि गुरुजींना कुत्र्याचा भारी तिटकारा. रस्त्यानं चालताना आमचा दिसला की ते काठी उगारूनच पुढं जायचे.

मी नवऱ्याला आडून आडून विचारलं, "अवो, पेटीतला घिच्चा पुरला का?"

"पुरला. उरला बी."

"तळचा बी घेतला काय?"

"घेतला. काहून?"

"काई नाई. सहज."

सांगावं तर कुत्रा नागपूरला. न सांगावं तर नव्वद वर्षांच्या माणसाच्या खांद्यावर कुत्र्याचे केस, आणि उद्या कुणाला कळलं तर माझ्या नवऱ्याच्या हातावर थुंकतील लोक. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी हेच डोक्यात घोळत होतं. चहात मीठ टाकलं, भाजीत टाकायचं राहिलं. कुत्र्याला केस विंचरताना मला रडू येत होतं, आणि तो मूर्ख माझा हात चाटत होता.

सत्कार सकाळी अकराला, शाळेच्या पटांगणात. कुत्र्याला मी घरात कोंडलं, कडीला वरून सुतळी बांधली. गुरुजी मंचावर, बाजूला सरपंच, आणि शाल विणणारा म्हणून माझा नवराही एका खुर्चीवर, पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसलेला. शाल पांघरली. नारळ दिला. गुरुजींनी शालीवरून हात फिरवला आणि माईक हातात घेतला. "भल्ली ऊब आहे हो हिच्यात," ते म्हणाले.

तेवढ्यात मागच्या बाजूला पोरं खिदळली. मी वळून बघितलं. मधल्या वाटेनं आमचा पूडल येत होता, तोंडात सुतळीचा तुकडा. मी "आ, आ, इकडं ये" असं दबक्या आवाजात म्हणत राहिले, तो माझ्या समोरून गेला आणि तीन पायऱ्या चढून मंचावर.

गुरुजींनी काठी उचलली. "हे मेंढरू वर्गात कोनं येऊ देलं?" सगळं पटांगण हसलं. मी सोडून. कुत्र्यानं गुरुजींच्या शालीचं टोक हुंगलं, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो शालीला पाठ करून पुढं गेला होता. थेट माझ्या नवऱ्यापाशी. त्यानं नाक नवऱ्याच्या सदऱ्याखाली घातलं, शेपूट गरगर फिरवली आणि दातात धरून काहीतरी ओढायला लागला. नवरा दोन्ही हातांनी सदरा दाबत होता. पण पूडल हट्टी असतो. सदऱ्याखालून वीतभर रुंद, मधाच्या रंगाची एक पट्टी बाहेर आली.

माझा डावा अंगठा लहानपणी दारात चेंगरला होता. त्यामुळे मी वळलेला धागा दर वितीला जरा फुगतो. पाचव्या रांगेतूनही मला ते फुगीर ठिपके दिसले. गुरुजींच्या शालीत पूडल नव्हताच. तो माझ्या नवऱ्याच्या कमरेला होता.

लोकांना वाटलं, कुत्र्याला खेळ सुचलाय. नवऱ्यानं लाल चेहऱ्यानं पट्टी आत कोंबली, त्याला काखोटीला मारला आणि खाली माझ्याकडे आणून दिला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर मी पदर खोचला. "बोला आता."

"काय बोलाचं? मले काय आंधळा समजतेस? लडीले हात लागल्याबरोबर वळखलं. कोसा बोटाले खरखर लागते, हे तं लोण्यावानी. गुरुजीच्या शालीत कसा घालीन मी?"

"मंग कमरेले?"

"खड्ड्यात बसून बसून कमर धरते माही. तू तिकडं गेलती. म्हटलं, पाहू लावून." जरा थांबून तो म्हणाला, "भल्ली गरम रायते वो."

"आनि नेमाचं काय? मागाच्या खोलीत एक केस दिसला तं नागपूर?"

"नेम गळलेल्या केसाचा होता," तो म्हणाला. "वळलेल्याचा नोता."

मला इतकं हसू आलं की मी ओसरीवर खालीच बसले. दोन दिवसांचा घोर सगळा त्या हसण्यात गेला, आणि थोडं रडूही आलं. मी दिघोरीला होते त्या तीन दिवसांत कुत्रा कुठं बसायचा, हे मी मग विचारलं. "खड्ड्यात. माह्या पायावर," तो म्हणाला. उंबऱ्याबाहेरचा सगळा शहाणपणा माझ्यासमोरचाच होता म्हणायचा.

दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं आधी कुत्र्याला बघितलं, मग आम्हाला. म्हणाली, "बाबा, नागपूरची मैत्रीण विचारून राहिली होती. तुमाले त्रास होत असन तं तिच्याकडं पाठवू का त्याले?"

नवऱ्यानं कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नोको," तो म्हणाला. "केस वाढू दे त्याचे. तुह्या आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी दोन पट्टे विणाचे हायेत."

मुलगी हसत हसत काहीतरी विचारत होती, ते मला ऐकू आलं नाही. नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला, खिशातून सुताचा तुकडा काढला, खाली उकिडवा बसला आणि माझ्या गुडघ्याभोवती फिरवून माप घेतलं. सुताला गाठ मारून खूण केली. मग दुसऱ्या गुडघ्याचं घेतलं. मी फोन ठेवला आणि कंगवा शोधायला उठले.