अंतरपाटाचा मध्य

मशीनच्या भरतकामात सुई मारणं अवघड नाही, ते मशीन मारतं. अवघड आहे कापड रिंगमध्ये बरोब्बर मधोमध बसवणं. कर्जतच्या बाजारात माझं दुकान आहे आणि हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. कापडाची चौघडी घालायची, मंद इस्त्री फिरवायची, घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडूची फुली. फुली सुईखाली आली की झालं. यात भुताटकीला जागाच नाही, असं मी समजत होते.

आमच्या पोरीचं लग्न ठरलं. ती माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. आई गेली तेव्हा अंगणवाडीत होती. मला मावशी म्हणते. तिनं आईचा लग्नातला शालू माझ्यापुढे ठेवला.

"मावशी, ह्याचाच अंतरपाट कर. मधोमध कलश काढ. पण जपून गं, आईचं एवढंच हाय माझ्याकडं."

रेशमात पडलेली सुईची भोकं बुजत नाहीत. चुकलं की चुकलं.

आमच्यात दुसरेपणाच्या बायकोनं नवं लुगडं नेसण्याआधी पहिलीच्या टाकाला दाखवायचं असतं. देव्हाऱ्यात तिच्या नावाचा चांदीचा कोरीव टाक आहे आणि मी हे कधी चुकवलं नाही. पण शालू तर तिचाच! तिचंच कापड तिला काय दाखवायचं, म्हणून तसाच दुकानात नेला.

दुपारची वेळ, शटर अर्धं ओढलेलं. अंतरपाटापुरता तुकडा कापला, फुली केली, खाली बक्रमचं कडक अस्तर लावलं, रिंग आवळली, सुई खाली आणली. सुई फुलीच्या चार बोटं डावीकडे! हात्तिच्या, म्हटलं, घाईत सरकलं असेल. काढून टेपनं मोजलं, फुली बरोबर मध्यावर. पुन्हा बसवलं, पुन्हा डावीकडे, तेवढंच. मशीन बिघडलं म्हणावं तर जुन्या चादरीवर सुई नेमकी फुलीवर आली. शालू लावला की डावीकडे. आणि कापड हाताला कोमट लागत होतं, नुकतंच कुणी अंगावरून उतरवल्यासारखं.

मग माझं डोकंच फिरलं. रिकाम्या दुकानात मी मोठ्यानं म्हणाले, "काय गं बये, पोरगी तुझी, कापड तुझं, मग आडवी का येतेस? दाखवलं नाही म्हणून रुसलीस? घे, होऊ दे तुझ्या मनासारखं!" आणि बटण दाबलं. कलश पुरा होईस्तोवर धागा एकदाही तुटला नाही.

पोरीनं चार बोटं डावीकडे गेलेला कलश पाहिला. कापडावरून हात फिरवला आणि आत निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. लग्नापर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

हॉल पळसदरीच्या रस्त्याला होता. थोरला मामा, म्हणजे पहिलीचा भाऊ, पोरीच्या पाठीशी उभा राहिला. अंतरपाटाचं एक टोक नवऱ्याकडच्या माणसानं धरलं, दुसरं धाकट्या मामानं. मी मागे मान खाली घालून. मंगलाष्टका सुरू झाल्या तरी बायकांची कुजबुज कशी नाही, म्हणून वर पाहिलं. कलश नवरानवरीच्या अगदी मधोमध होता, सूतभरही इकडेतिकडे नाही. धाकट्या मामानं आपल्याकडचं जादा कापड मुठीला गुंडाळून धरलं होतं.

अक्षता पडल्यावर मी त्याला गाठलं. "दादा, मुठीला का गुंडाळलंत?"

तो ओशाळला. "ही दोन बोटं वाकत नायत, लहानपणापासनं, पकड बसत नाय. आमी भावंडं धुतलेली चादर झटकायचो, तवा ताई म्हणायची, तुझ्याकडं जादा कापड सोडते, गुंडाळून घे रं."

या माणसाशी त्याआधी मी नमस्कारापलीकडे बोललेच नव्हते. त्याच्या बोटांचं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी तिथेच खुर्चीत बसून रडायला लागले.

पोरगी हार सावरत धावत आली. "काय झालं मावशी? आला की कलश मधोमध!"

"आला गं," म्हटलं. "तुझ्या आईनं बसवला."