आबांचा हातमोजा

सांगलीतल्या डॉक्टरबाईंना मी आबांच्या हाताबद्दल जे सांगितलं, ते खोटं होतं. सांगितलं तेव्हा आबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते. हे आधी लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही, म्हणून लिहून टाकलं.

आबा म्हणजे माझे वडील. विट्याजवळच्या आमच्या गावातली बरीच माणसं करतात तोच धंदा त्यांनी आयुष्यभर केला, गलाईचा. दक्षिणेतल्या एका शहरात सोनारांच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. सोनारांकडची जुन्या दागिन्यांची मोड, भट्टीची राख, दुकानातला केर, यातून सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. सुट्टीत मी तिथं जायचो. आबा उजव्या हातातल्या लांब चिमट्यानं लालभडक मूस भट्टीतून उचलायचे आणि आतला रस साच्यात ओतायचे. तेवढा वेळ ते बोलायचे नाहीत आणि दुकानातलं दुसरं कुणीही बोलायचं नाही. आई गेल्यावर त्यांनी दुकान भावकीतल्या एकाच्या हवाली केलं आणि गावी येऊन राहिले.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकले ते तिथंच बसले. शेजाऱ्यांनी जीपमधून सांगलीला नेलं. मी शिरवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, राहायला साताऱ्यात. फोन आला तेव्हा एका ट्रकमधला माल उतरवून घेत होतो. तो सगळा उतरवून घेतला, सही केली आणि मग निघालो. असं का केलं, हे मला आजही सांगता येत नाही.

जीव वाचला. बोलणं थोडं जड राहिलं, पाय काठीच्या आधारानं चालता झाला. मागं राहिला तो उजवा हात. मनगट जरासं वर व्हायचं, बोटं अर्धवट उघडायची आणि पुन्हा मिटायची.

त्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या. त्यांचं स्वतःचं संशोधन चालू होतं आणि आबांचा हात त्यांना त्यासाठी योग्य वाटला. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर माणूस सगळं चांगल्या हातानं करायला लागतो, कारण ते पटकन होतं. मग दुबळ्या हाताला कुणी काम सांगत नाही आणि मेंदूही त्याला विसरत जातो. म्हणून दिवसातले काही तास चांगला हात जाड, बंद हातमोज्यात ठेवायचा. मग दुबळ्या हाताला करावंच लागतं. ही पद्धत काही नवीन नाही, त्या म्हणाल्या. पण आपल्याकडच्या घरांत ती चालते का, हे त्यांना बघायचं होतं.

"आपल्याकडे घरात माणसं असतात, आणि ती पेशंटला काही करूच देत नाहीत," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसलो.

हातानं काय करता यावं असं वाटतं, हे त्यांनी आबांना विचारलं.  आबा म्हणाले, "चिमटा धरायचाय." आणि थोड्या वेळानं, "आन् माझ्या हातानं जेवायचंय." बाईंनी त्याचेच व्यायाम ठरवून दिले. स्वयंपाकघरातल्या चिमट्यानं सुपाऱ्या एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायच्या. भाकरी उजव्या हातानं मोडायची, घास उजव्या हातानं घ्यायचा. निघताना त्या मला म्हणाल्या, की नाही जमलं तर नाही जमलं म्हणून सांगा, मला तेही कळायला हवंय. फक्त खरं सांगा.

मी आबांना साताऱ्याला घरी आणलं. सुरुवातीचे दिवस ठीक गेले. न्याहारीनंतर बायको त्यांच्या डाव्या हातावर मोजा चढवून पट्टी लावायची. सुपाऱ्या घरंगळत कपाटाखाली जायच्या, ती केरसुणीनं बाहेर काढायची. जेवणाला इतका वेळ लागायचा की भाकरी कडक होऊन जायची. एका दुपारी आबांनी एक सुपारी उचलली आणि दुसऱ्या वाटीत टाकली. कुणाकडे न बघता लगेच पुढचीला चिमटा लावला. बायकोनं मला कारखान्यात फोन करून हे सांगितलं. मी बरं म्हणालो.

मग लोक यायला लागले. आमच्याकडे कुणी आजारी असलं की बघायला जावंच लागतं. कोण आलं नाही, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. गावाकडून, विट्यातून, गलाईच्या दुकानांवरून सुट्टीला आलेले, असे सगळे यायचे. बिस्किटांचे पुडे आणि शहाळी घेऊन यायचे आणि कॉटभोवती बसून आबांकडे बघायचे.

एका रविवारी आत्या आली, आबांची थोरली बहीण. बरोबर गावातली चार माणसं होती. आबा जेवत होते. डाव्या हातात मोजा, आणि उजवा हात आमटीत कुस्करलेली भाकरी कशीबशी तोंडाकडे नेत होता. निम्मी मांडीवर सांडत होती, बनियनवर ओघळ होते. आत्या दारातच थांबली.

"ह्ये काय रं?" ती मला म्हणाली. "चांगला हात बांधून घातलास व्हय बापाचा? जनावराला सुदीक गळ्याला बांधत्यात, हाताला न्हाई."

"डागदरनं सांगितलंय," आबा म्हणाले.

"डागदरचा बाप हाय का ह्यो?"

कुणीतरी हसलं. मी पुढं झालो आणि सगळ्यांसमोर मोज्याची पट्टी सोडली.

आता डावा हात मोकळा होता, पण आबा डाव्या हातानं जेवणार नव्हते. आमच्या घरात डावा हात ताटात जात नाही, आणि थोरल्या बहिणीसमोर तर नाहीच नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताटाकडे बघत राहिले. दुसऱ्या घरात असतं तर माणूस डाव्या हातानं जेवला असता. आबांना फक्त उजवाच हात होता, किंवा माझा. मी ताट ओढून घेतलं, त्यांच्या शेजारी बसलो आणि भरवायला लागलो. आत्यानं पदरानं डोळे पुसले.

गावात जाऊन तिनं ते सगळ्यांना सांगितलं. मला फोन यायला लागले. असा पोरगा पाहिजे म्हणाले. मला ते आवडलं. त्याआधी आबांसाठी मी असं काहीच केलं नव्हतं की ज्याबद्दल कुणी बोलावं.

लोकांची ये-जा संपेपर्यंत मोजा घालायचा नाही, असं मी बायकोला सांगितलं. डॉक्टरांना काय सांगणार, असं तिनं विचारलं. मी बघू म्हणालो. शिरवळला जाण्याआधी सकाळी मी भरवायचो, दुपारी तिला भरवायला लावायचो, रात्री पुन्हा मी. पुढं लोक यायचे थांबले, तरी मी मोजा पुन्हा घातला नाही. भरवणं लवकर उरकायचं. अंगावर काही सांडत नव्हतं.

पहिल्या काही दिवसांत मी घास उचलला की आबांचा उजवा हातही मांडीवरून थोडा वर यायचा. तो वर येईपर्यंत माझा घास त्यांच्या तोंडात गेलेला असायचा. नंतर हात वर यायचा थांबला. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणण्याची सोय मला नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. बाईंनी टेबलावर पेला, किल्ली, सुपारी असं एकेक ठेवलं. आबांचा हात पहिल्या दिवशी होता तसाच होता, कदाचित थोडा जास्तच आखडलेला. बाईंनी मला विचारलं, मोजा घालत होता का? मी हो म्हणालो. रोज? रोज. मग त्या आबांकडे वळल्या.

"काका, घालत होता ना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली.

बाईंचा चेहरा उतरला. काही जणांमध्ये फरक पडत नाही, त्या म्हणाल्या. आता हातामागं न लागता चालण्याकडे लक्ष देऊ. मग मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "तुम्ही सगळं केलंत. तुमची काही चूक नाही." मी हात जोडले.

परत येताना पेठ नाक्याला चहाला थांबलो. आबांनी पेला डाव्या हातात घेतला. चहाला त्यांना डावा चालायचा. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हात गेला म्हणायचा का रं?"

"काही जणांत फरक पडत न्हाई, आबा. डॉक्टर म्हणाल्या न्हाई का."

"व्हय. म्हणाल्या."

त्यांनी पेला बाकावर ठेवला. डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, वाटेतली वस्तू बाजूला ठेवावी तसा. मला वाटलं होतं, मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली. त्यानंतर त्या हातानं काही करायचा प्रयत्न आबांनी केल्याचं मी पाहिलं नाही. त्यांनी तो सोडून दिला होता, माझ्या शब्दावर.

अलीकडेच त्याच डॉक्टरबाईंचा फोन आला. जुने पेशंट आता कसे आहेत, हे त्या एकेकाला विचारत होत्या. मी स्टोअरमध्ये खोक्यांच्या रांगेत उभा होतो. आबा बरे आहेत, असं सांगितलं. त्यांनी हाताचं विचारलं, तेव्हा मी म्हणालो की मोजा आम्ही पहिले थोडेच दिवस घातला, मी तुम्हाला खोटं सांगितलं.

 त्या कामाच्या आवाजात म्हणाल्या, की आबांची माहिती त्यांना अभ्यासातून काढावी लागेल आणि त्यांच्या सरांनाही हे सांगावं लागेल. मी हो म्हणालो.

"हलत होता हो त्यांचा हात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी खरं सांगितलं असतंत, तर आपण पुन्हा सुरू केलं असतं."

आता काही होईल का, असं मी विचारलं. सुरू करता येईल, पण किती फरक पडेल हे त्या सांगू शकत नव्हत्या. मोजा घातला असता तर हात आलाच असता, असंही त्या म्हणाल्या नाहीत. काकांना विचारा, म्हणाल्या, त्यांना करायचंय का.

आबांना विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार होतं.

घरी जाऊन मोजा शोधला. कपाटावर बिस्किटांच्या खोक्यात होता. पट्टी नव्यासारखी चिकटत होती. तो मी कॉटवर आबांच्या डाव्या हाताजवळ ठेवला, ताट घेऊन नेहमीच्या जागी बसलो आणि घास उचलला. आबा मोज्याकडे बघत होते, पण घास जवळ आल्यावर त्यांनी सवयीनं तोंड उघडलं.

मी घास ताटात परत ठेवला.

"आबा, सांगलीत मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. पेठ नाक्यावर तुमालाबी तेच सांगितलं. तुमचा हात तवा गेला नव्हता. लोक नावं ठेवतील म्हणून मी मोजा काढला, आन् लोक चांगलं म्हणाय लागले म्हणून परत घातला न्हाई."

आबांनी तोंड मिटलं.

"माझं चुकलं, आबा. मला माफ करा."