चौथं झाकण

सूर्य कोणाच्या मालकीचा नाही. राजा असो की रंक, त्याच्यापुढे सगळे सारखे. हे वाक्य मोघे काकांनी आपल्या घरच्या सोलर पॅनेलच्या उद्घाटनाला, फीत कापण्याआधी, डोळे मिटून म्हटलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या कमरेला गच्चीची किल्ली होती, आणि तिला त्यांनी पॅनेलवाल्यांपैकी एकालाही हात लावू दिला नव्हता. सूर्य सगळ्यांचा होता. गच्ची काकूंची होती.

ही गोष्ट हिवाळ्यातली. आता मे महिना होता, आणि मी त्याच अंगणात, त्याच पॅनेलांखाली गुडघे टेकून पाण्याची नळी धरून बसले होते. पारदर्शक नळीत पाणी भरलं की तिच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते. लेव्हल तपासायची याहून साधी आणि याहून प्रामाणिक पद्धत मला अजून सापडलेली नाही. नळी सांगत होती की स्ट्रक्चरचा पुढचा, पूर्वेकडचा पाय दोन बोटं वर आला आहे.

खाली गेला असता तर मी समजू शकले असते. तो वर आला होता.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. रायपूरला शंकर नगरात माझं छोटं ऑफिस आहे. आधी शेड आणि पाण्याच्या टाक्यांची कामं करायचे, आता बहुतेक सोलरची. पॅनेल, वायर, मीटर हे सगळं कंपनीचं. ते ज्याच्यावर उभं राहतं ते माझं. लोकांना वाटतं, पाया वजन पेलायला असतो. सोलरमध्ये तसं नाही. पॅनेल हलकी असतात. पण ती दक्षिणेकडे तोंड करून तिरपी बसवलेली असतात, आणि आमच्याकडे मे-जूनमध्ये जी आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येते ती त्यांच्या पोटाखाली शिरते आणि सगळा सांगाडा पतंगासारखा उचलू पाहते. म्हणून इथला पाया धरून ठेवण्यासाठी असतो. एक पाय वर आला की सांगाडा पिळला जातो, क्लँप ढिले पडतात, काच तडकते. आणि मग आंधीला फारसं काही करावं लागत नाही.

मोघ्यांचं घर अभनपूरच्या रस्त्याला एका नव्या कॉलनीत आहे. काका रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. मागे ऐसपैस अंगण, आणि अंगणात कन्हार, म्हणजे काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शहाण्या माणसाने अशा मातीत काही उभं करू नये. पॅनेल गच्चीवर गेली असती तर हा प्रश्नच नव्हता. पण गच्चीवर काकूंचे पापड होते.

नुसतं पापड म्हणून मी थोडक्यात आवरते आहे. उडदाचे, तांदळाचे, ज्वारीचे, शिवाय कुरडया, आणि हिवाळ्यात कोहळ्याच्या बड्या, म्हणजे सांडग्यांसारख्या वाळवलेल्या वड्या. नागपूरपासून बिलासपूरपर्यंत त्यांच्या नात्यात एकही घर असं नाही जिथे काकूंचा डबा पोचत नाही. लग्नात कोणी नवीन सून ओळख करून द्यायला आणली, की काकूंचं नाव सांगत नाहीत. "त्या पापडवाल्या" म्हणतात, आणि सून लगेच वाकून नमस्कार करते. आदल्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा साइट बघायला गेले तेव्हा गच्चीवर जुन्या साड्या ताणून बांधलेल्या होत्या, आणि खाली चटयांवर उन्हाळ्याचं सगळं वैभव पसरलं होतं. म्हणून स्ट्रक्चर जमिनीवर आलं. मी पाये नेहमीपेक्षा खोल घेतले, भोवतालची काळी माती काढून मुरूम भरला, आणि ते बरोबरच होतं. सहापैकी पाच पाये अजूनही तेच सांगत होते.

माझी नळी गुंडाळून होते न होते तोच दुबेजी आले. दुबेजी पॅनेल कंपनीचे. त्यांच्या कार्डावर पदाच्या चार ओळी आहेत आणि नावाची एक.

"मैडम, मैंने तो पहले ही बोला था," ते पॅनेलकडे न बघताच म्हणाले. "काली मिट्टी है। बारिश में और उठेगा। एक भी शीशा क्रैक हुआ तो वारंटी गई। बारिश से पहले ऊपर शिफ्ट कर देते हैं। छत तो खाली पड़ी है।"

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. "खाली पडी है?" त्या म्हणाल्या. "अन् माझे पापड काय दुबेजींच्या डोक्यावर वाळवू?"

"अरे आंटीजी, एक कोना आपका रहेगा ना."

"कोना!" काकू माझ्याकडे वळल्या. माझं वय पंचावन्न आहे, पण काकूंच्या हिशेबात मी पोट्टीच. "ऐकून राहिली का तू? माझ्याच घरात मले कोना देऊन राहिला हा. तू सांग पोरी, तुह्या त्या पायाले काय धाड भरली?"

"माहीत नाही काकू. पण शोधते."

"पावसाच्या आधी शोध," त्या म्हणाल्या. एवढं बोलून आत गेल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच किल्लीचा जोर नव्हता.

काका मात्र शांत होते. "गच्चीवर गेलं तरी काय बिघडते?" ते हळूच म्हणाले, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाणार नाही याची काळजी घेऊन.

मला त्या पायाने झोपेत नाही, पण जेवताना नक्कीच छळलं. पावसात पाय वर आला असता तर सगळे थोडेथोडे आले असते. मे महिन्यात तर काळी माती आकसते. अंगणात भेगा पडल्या होत्या. सगळीकडे जमीन खाली जात असताना हा एकटा वर का चालला होता? उत्तर एकच होतं: त्याच्या मुळाशी पाणी होतं. पण पाणी कुठून?

पहिला संशय पाइपावर. बागेच्या नळाची लाइन त्याच बाजूने जात होती. मी व्हॉल्व्ह बंद करायला लावला, मीटरचा काटा बघितला. हलला नाही. दुसरा संशय सेप्टिक टँकवर. तो घराच्या दुसऱ्या अंगाला निघाला. तिसरा संशय शेजाऱ्यांवर, कारण संशय घ्यायला शेजारी कायम उपलब्ध असतात. शेजारचा प्लॉट रिकामा होता आणि तिथली जमीन लाकडासारखी कडक.

मग मी एक सळई घेतली आणि पायांभोवती, मुरमाच्या कडेच्या मातीत, खुपसत फिरले. पाच ठिकाणी ती ठक करून थांबली. सहाव्या पायाशी वरची जमीन तितकीच कोरडी होती, पण वीतभर खाली सळई लोण्यात गेल्यासारखी गेली. बाहेर काढली तर टोकाला ओली, काळीभोर, तुळतुळीत माती. वर ओल नाही आणि खाली चिखल. म्हणजे पाणी वरून सांडत नव्हतं. कोणीतरी ते थेट खाली पोचवत होतं.

"दुबेजी, तुम्ही अर्थिंग कुठे कुठे केलंय?" मी त्यांना पुन्हा साइटवर बोलावून विचारलं.

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला धातूचा दांडा. वीज भरकटली किंवा आकाशातून कोसळली तर तिला जमिनीत जायला वाट हवी, म्हणून. दांड्याच्या तोंडाशी खड्डा आणि त्यावर झाकण असतं. कोरड्या जमिनीत वीज नीट उतरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहायला सांगतात.

"तीन पिट हैं मैडम. एक डीसी का, एक एसी का, एक लाइटनिंग का. स्टैंडर्ड है."

मी स्ट्रक्चरला एक चक्कर मारली. झाकणं चार होती. चौथं मी उभी होते त्याच जागी, त्या पायाला खेटून होतं. चंदेरी रंगाचं, बाकीच्या तिघांसारखंच गोल.

"हे कोणाचं?"

दुबेजी वाकले. "ये तो आपका है ना? स्ट्रक्चर का कुछ?"

"मला वाटलं तुमचं आहे."

आमच्या धंद्यात साइटवर अशी एक तरी वस्तू असते, जी प्रत्येकाला दुसऱ्याची वाटते. मी झाकण उचललं. खाली पीव्हीसीचा पाइप, सरळ जमिनीत गेलेला. तोंडाशी छान बसवलेलं नरसाळं. आणि नरसाळ्यात जास्वंदीचं एक फूल.

"काका," मी हाक मारली.

काका आले, झाकण उघडं दिसलं, आणि त्यांचा चेहरा कोणी त्यांचा डबा उघडून बघावा तसा झाला.

"ते माझं आहे," ते म्हणाले.

"काय आहे ते?"

"सूर्याले अर्घ्य देतो मी सकाळी. चाळीस वर्षं झाले. अर्घ्याचं पाणी पायाखाली येऊ नये, ओलांडू नये कोणी. आधी गच्चीवर देत होतो. मग हिच्या पापडांवर शिंतोडे उडाले एकदा, अन् मले गच्ची बंद." त्यांनी दाराकडे बघितलं. "यांच्या पोरांनी अर्थिंग केलं तेव्हा मी पाहत होतो. मले पटलं ते. वरचं आलं ते खाली जमिनीत, कोणाले लागत नाही, धक्का नाही. म्हटलं, हे बरोबर आहे. अन् आता सूर्याचं काम इथंच चालते, तर अर्घ्यही इथंच."

"झाकणाला रंग?"

"मॅचिंग पाहिजे ना. रेल्वेत रंग नसलेली वस्तू बेवारस समजतात."

मी मनातल्या मनात तांब्याचं माप घेतलं. रोज एक तांब्या, महिनोन्‌महिने, वाफ होऊ न देता थेट मातीच्या पोटात. काही प्रमाणात पटत होतं. पण एवढा चिखल? एवढं पाणी कोणताही सूर्य मागत नाही.

"काकू, या पाइपात अजून कोणी पाणी घालतं का?"

काकू बाहेर आल्या. "मी घालतो ना. त्या पोट्ट्यानंच सांगतलं होतं, दुबेजींच्या. 'आंटी, गर्मी में पिट में पानी डालते रहना, नहीं तो बिजली गिरेगी.' मले तर भेवच वाटला. कूलरचं जुनं पाणी, उडदाची डाळ भिजवलेलं पाणी, सगळं याच्यातच टाकतो. स्वयंपाकघराच्या जवळ हेच पडते."

"रोज?"

"हव. बादली-बादली. एकही दिवस चुकवली नाही."

काकूंनी पायाकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, वर पॅनेलकडे आणि त्याही वर आपल्या गच्चीकडे बघितलं. त्या हुशार आहेत. सांगायची गरज पडली नाही.

"म्हणजे माह्या गच्चीवर मीच पाणी टाकून राहिली होती," त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळून, "तुमच्यामुळे!"

"माझा तर तांब्याभरच..."

"तुम्ही पाइपच काहून लावला?"

"तू गच्ची काहून बंद केली?"

दुबेजींनी या ठिकाणी मोबाइल काढला आणि एक महत्त्वाचा कॉल घेतला, जो मला वाजलेला ऐकू आला नव्हता.

काम फार अवघड नव्हतं. पाइप उपटला. त्या पायाभोवतीचा चिखल काढून मुरूम भरला आणि ठोकला. स्ट्रक्चरच्या प्रत्येक पायाखाली लोखंडी पट्टी असते, ती बोल्टवर बसते, आणि बोल्टवरचे नट फिरवून पट्टी वरखाली करता येते. ती सोय मी ठेवली होती, कारण काळ्या मातीवर माझा कधीच विश्वास नव्हता. नट फिरवले, सांगाडा सरळ झाला. पण खालची ओल वाळेल तसा तो पाय पुन्हा थोडा खाली बसणार, मग पुन्हा नट फिरवावे लागणार. तोवर तिथे थेंबभरही पाणी पडता कामा नये, असं मी बजावलं.

दुबेजी म्हणाले, "बारिश में देखते हैं." म्हणजे गच्ची अजून सुटली नव्हती.

काकूंनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्यांचा ना काकांवर भरवसा होता, ना मोलकरणीवर. त्यांनी पॅनेलांखाली खाट टाकली आणि त्या पायाजवळ पहाऱ्याला बसल्या. नुसतं बसवेना, म्हणून पोळपाट-लाटणं आणलं. पुढच्या वेळी नट फिरवायला गेले तेव्हा त्या तिथेच पापड लाटत होत्या, आणि लाटलेले पापड शेजारी चटईवर पॅनेलांच्या सावलीत पडले होते.

"इथंच वाळवता?"

"उडदाचा पापड सावलीतच वाळवतात वो. उन्हात तडकते तो."

"मग गच्चीवर..."

"गच्चीवर साड्या बांधा लागत होत्या ना सावलीसाठी. इथं आयतीच आहे." त्यांनी एक पापड उलटला. "कुरडयांले ऊन लागते, त्या पुढं टाकतो, पॅनेलच्या समोर. जिना चढा लागत नाही, माकडं येत नाहीत. अन् तुह्या पायावर लक्षही राहते."

पावसाळा आला, गेला. पाय हलला नाही. दुबेजींनी येऊन फोटो काढले आणि ते त्यांच्या कंपनीच्या पत्रकात 'काळ्या मातीवरील यशस्वी तंत्रज्ञान' म्हणून छापून आले. त्यात खाट दिसते, काकू दिसत नाहीत. या सगळ्यातून मी एवढंच शिकले की साइटवर एखादी वस्तू नीट रंगवलेली असली, तरी ती कोणाची आहे हे विचारून घ्यावं.

गच्चीची किल्ली काकूंनी काकांना देऊन टाकली. ते सकाळी वर जाऊन अर्घ्य देतात. दुसऱ्या कोणाचा पाय तिथे पडत नाही, त्यामुळे पाणी ओलांडलं जाण्याचा प्रश्न मिटला. बाकी दिवसभर गच्चीवर पॅनेलांना हवं तसं चांगलं, मोकळं, दक्षिणेचं ऊन असतं. आणि त्या उन्हात फक्त एक बिघडलेला कूलर.