भिंतीपाशी पाहणारा माणूस

“मंधात काय पाहता मॅडम? भिताडापाशी पाहा,” म्हणत तो काचेवर नख वाजवायचा.

मुलांनो, अमरावतीच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी इंग्रजी शिकवत असे. तो तिथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, अंजनगाव सुर्जीचा. काचेच्या लांब पाटात पंपाने पाणी सोडायचं, सलाइनची सुई आतून काचेच्या भिंतीला टेकवायची आणि तिच्यातून परमँगनेटचा जांभळा रंग सोडायचा, हे त्याचं काम.

भिंतीला चिकटलेलं पाणी जवळजवळ थांबलेलं असे. तिथे रंगाच्या संथ रेघा लोळत राहत. मग एखादी रेघ अचानक सुटायची, वळवळत मध्याकडे जायची आणि फुटायची. तिच्या जागी मधलं वेगवान पाणी भिंतीवर आदळायचं.

“जोर मंधातल्या पाण्याचा, पण खळबळ इथं जल्मते मॅडम. मंग पसरते.”

मोजणीत खळबळीचे भिंतीजवळचे आकडे मोठे आले की विभागप्रमुख साहेब ते यंत्राची चूक म्हणून खोडत. त्याने एकदा त्यांनाही हे सांगितलं.

“तू पाट धू. डोकं आम्ही आणलंय.”

सगळे हसले. मीही हसले.

पुढे नव्या यंत्रावरही तेच आकडे आले. साहेबांनी शोधनिबंध लिहिला: प्रवाहाची ऊर्जा भिंतीलगतच्या पातळ थरातच खळबळीत उतरते, तिथून थोडी मध्याकडे जाते, थोडी भिंतीकडे जाऊन विरते. इंग्रजी तपासायला निबंध माझ्याकडे आला, तसा तोही आला.

“मॅडम, त्याच्यात माह्यं नाव बसन का? पोरीले दाखवाचं हाये.”

मी शेवटी आभाराच्या दोन ओळी घातल्या आणि त्याला दाखवल्या. त्याने नावावर बोट धरलं, पण हात ओला म्हणून कागदाला लावलं नाही.

निबंधाला सहा पानांची मर्यादा होती. शेवटच्या तपासणीत तो दोन ओळींनी सातव्या पानावर सांडला. मला नीटनेटकं लागतं. मी त्या दोन ओळी काढल्या.

छापून आल्यावर तो मुलीला घेऊन आला. तिने सहाही पानं दोनदा वाचली.

“बाबा, तुमचं नाव कुठी हाये?”

साहेबांना गंमत वाटली. “अरे, लग्नाच्या पत्रिकेवर आचाऱ्याचं नाव छापतात का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होते.

त्यानंतर तो पंप सुरू करायचा आणि पाटाकडे पाठ करून बसायचा. विद्यार्थ्यांनी काही विचारलं तर म्हणायचा, “साहेबाले इचारा.” निवृत्तीपर्यंत तसाच.

यंदा तो गेला. मी भेटायला अंजनगावला गेले. मुलगी आता शाळेत विज्ञान शिकवते. तिने चहा केला.

“बाबा नेहमी सांगत, मॅडमनं माह्यं नाव लिवलं होतं, साहेबानं काढलं. शेवटपर्यंत तुमचे गुण गायले त्यांनी.”

साहेब केव्हाच वारले आहेत.

“साहेबांचा स्वभावच तसा होता,” मी म्हणाले.

तिने माझा कप पुन्हा भरला.